गाडीला मोठे इंजिन : हौस आणि हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, नववी-दहावीच्या वर्गात उष्णतेचा धडा शिकवून झाला, की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या घरच्या गाडीला टर्बो बसवता येईल का?" दुसरा कोणी विचारतो, "तिच्यात दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन घातले तर?" शिक्षक बहुधा हसून म्हणतात, "तो विचार आता सोडा, परीक्षा जवळ आली आहे." माझ्या मते हे उत्तर चुकीचे आहे. प्रश्न चांगला आहे. ज्याच्या मनात तो आला त्याला पदार्थविज्ञानाची गोडी लागली आहे, असे खुशाल समजावे. मात्र या प्रश्नाचे खरे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा लागतो. तो आज आपण करून पाहू. माझे मत काय आहे तेही आधीच सांगून टाकतो. घरच्या गाडीत हौसेखातर इंजिन बदलू नये आणि टर्बोही बसवू नये. पण हे असे का, याचे कारण प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः मांडता आले पाहिजे.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते खरे, पण अर्धेच खरे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल, परंतु ते जाळायला हवा आणायची कोठून? म्हणून इंजिनाची शक्ती मुख्यतः ते मिनिटाला किती हवा आत ओढू शकते यावर ठरते.

आपल्या देशात अनेक दशके धावलेल्या अँबॅसडर गाडीचे उदाहरण घेऊ. 1959 पासून तिच्यात 1489 घनसेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ दीड लिटरचे इंजिन होते. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. मिनिटाला 4000 फेरे धरले, तर हवा ओढण्याच्या 2000 वेळा झाल्या. दीड लिटर गुणिले 2000, म्हणजे मिनिटाला 3000 लिटर. सेकंदाला 50 लिटर. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे 1.2 ग्रॅम असते. तेव्हा सेकंदाला 60 ग्रॅम हवा आणि तिच्याबरोबर सुमारे 4 ग्रॅम पेट्रोल आत गेले. एका ग्रॅम पेट्रोलमधून सुमारे 44 किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे सेकंदाला 176 किलोज्यूल. त्यातली जेमतेम एक चतुर्थांश कामी येते. उरलेली रेडिएटरमधून आणि धुरावाटे निघून जाते. कामी येणारी शक्ती झाली 44 किलोवॅट, म्हणजे 60 अश्वशक्ती. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, म्हणून हे इंजिन 50 अश्वशक्तीच्या आसपासच देत असे. आपला हिशेब वास्तवाच्या किती जवळ आला पाहा.

आता शक्ती वाढवायची असेल तर या हिशेबात काय वाढवता येईल? मार्ग तीनच आहेत. सिलिंडर मोठे करा, फेरे वाढवा, किंवा आत जाणारी हवाच दाट करा. पहिला मार्ग म्हणजे मोठे इंजिन आणि तिसरा म्हणजे टर्बो. दुसऱ्या मार्गात झडपा, स्प्रिंगा व बेअरिंगे यांच्यावरचा ताण झपाट्याने वाढतो, म्हणून घरच्या गाडीच्या बाबतीत तो बाजूला ठेवू.

काँटेसाची गोष्ट

मोठे इंजिन बसवणे नेहमीच चूक असते काय? नाही. आपल्याच देशातले एक उदाहरण याचा पुरावा आहे. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये काँटेसा ही गाडी बाजारात आणली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या एका मोठ्या गाडीवरून घेतलेला होता. ती लांबरुंद, देखणी आणि पाच माणसे ऐसपैस बसतील अशी होती. पण इंजिन मात्र तेच, अँबॅसडरचे 1489 घनसेंटिमीटरचे! मोठ्या वाड्याला झोपडीची चूल लावावी तसा हा प्रकार होता.

ही गाडी घाटात का दमत असे ते आकड्यांत पाहू. गाडी, पाच माणसे आणि सामान मिळून 1600 किलो वजन धरा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता धरा. चढावर वजनाचा मागे ओढणारा भाग सुमारे 1570 न्यूटन होतो. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून ताशी 60 किलोमीटर वेगाला आणखी सुमारे 330 न्यूटन धरू. एकूण 1900 न्यूटन. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे 31,700 वॅट, म्हणजे 43 अश्वशक्ती येते. ही चाकांपाशी हवी असलेली शक्ती झाली. इंजिनापासून चाकांपर्यंत येताना सुमारे पंधरा टक्के शक्ती वाटेतच खर्च होते, हे धरले तर इंजिनाने 50 अश्वशक्ती द्यायला हवी. म्हणजे अशा चढावर हे इंजिन आपली सगळी शक्ती पणाला लावून कसेबसे पुरे पडणार. पुढची मालमोटार ओलांडायला हाती काहीच शिल्लक नाही!

पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने याच गाडीत जपानच्या इसुझू कंपनीचे 1.8 लिटरचे, 85 ते 90 अश्वशक्तीच्या दरम्यानचे इंजिन बसवले आणि त्याला पाच गिअर दिले. गाडीचा जणू कायापालट झाला. नंतर डिझेल इंजिनाचीही काँटेसा निघाली आणि त्या डिझेलची टर्बो असलेली आवृत्तीही आली. खुद्द अँबॅसडरलाही नव्वदच्या दशकाच्या आरंभी इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन मिळाले. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर 118 एनई गाडीत तर 1985 पासून शरीर इटलीच्या फियाटचे आणि इंजिन जपानच्या निस्सानचे होते. तेव्हा इंजिन बदलणे ही काही जादू नव्हे आणि पापही नव्हे. पण यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हे बदल कारखान्यांनी केले. इंजिनाबरोबर त्यांनी गिअरही बदलले, चाचण्या घेतल्या, आणि मगच गाडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली.

आता हाच हिशेब सपाट रस्त्यावर करून पाहा. त्याच 1600 किलोच्या गाडीला ताशी 80 किलोमीटर वेगाने एकसारखे जायला चाकांपाशी किती शक्ती लागेल? सुमारे 13 अश्वशक्ती, फक्त! वेग दुप्पट, म्हणजे ताशी 160 केला तर? 26 नव्हे, सुमारे 66. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वाढीव शक्ती खरी उपयोगी पडते ती चढावर आणि ओलांडताना. सपाट रस्त्यावर ती केवळ अशा वेगासाठी लागते, की जो आपल्या रस्त्यांवर कोणी गाठूच नये.

टर्बो : धुरातून शक्ती

आता टर्बोकडे वळू. इंजिनातून बाहेर पडणारे जळके वायू फार तापलेले असतात. पेट्रोल इंजिनात भर जोरात त्यांचे तापमान 900 अंश सेल्सियसच्या आसपास जाते. इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश उष्णता अशी वाया जाते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांना वाटले, की हे नुकसान काही अंशी तरी भरून काढावे. 1905 साली त्यांनी त्याचे एकस्व घेतले. कल्पना साधी आहे. बाहेर जाणाऱ्या वायूंच्या वाटेत एक छोटे चक्र ठेवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे. पहिले फिरले की दुसरेही फिरते आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. गाडीतल्या टर्बोची ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात.

डोंगरावरची विरळ हवा ही विमानांची मोठी अडचण होती. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी सुमारे 4300 मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर इंजिन नेऊन दाखवून दिले, की टर्बो लावला तर तेथेही इंजिनाची शक्ती टिकून राहते. आपल्याकडे लेहला जाणाऱ्या टर्बो-डिझेल गाड्यांना आजही याचाच फायदा होतो. समुद्रसपाटीच्या मानाने लेहला हवेचा दाब साधारण दोन तृतीयांशच असतो.

मग अडचण कोठे आहे? अडचण उष्णतेची आहे. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. समजा, 27 अंश तापमानाची हवा टर्बोने दीडपट दाबाला आणली. टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ती हवा सुमारे 80 अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते, त्यामुळे दाब दीडपट होऊनही हवेची घनता केवळ सव्वापटीच्या आसपास वाढते. म्हणजे पन्नास टक्क्यांऐवजी पदरात पडले जेमतेम सत्तावीस टक्के! म्हणून टर्बोच्या पुढे हवा थंड करणारा एक वेगळा रेडिएटर बसवतात. त्याला इंटरकूलर म्हणतात.

तापलेल्या हवेचे दुसरे संकट अधिक गंभीर आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटावे आणि ज्योत शिस्तीने पुढे सरकावी, अशी इंजिनाची रचना असते. मिश्रण आधीच तापलेले आणि फार दाबलेले असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण एकदम भडकते. इंजिनातून खडखड ऐकू येते. मेकॅनिक म्हणतात, "इंजिन नॉकिंग करते आहे." हे हातोडीचे घाव थेट दट्ट्यावर बसतात. काही वेळ चालले तर दट्ट्याला भोक पडते, कडी तुटते आणि इंजिन कायमचे बसते.

याबाबत इतिहासाने दोन धडे दिले आहेत. 1962 साली अमेरिकेत टर्बो असलेल्या दोन गाड्या विक्रीस आल्या. त्यांतील ओल्ड्समोबाइल जेटफायर या गाडीत संपीडन गुणोत्तर 10.25 इतके चढे ठेवले होते. नॉकिंग टाळण्यासाठी सिलिंडरमध्ये जाणाऱ्या मिश्रणात पाणी आणि मिथेनॉल यांचा फवारा सोडण्याची योजना होती. त्यासाठी गाडीत वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरत राहायची होती. कागदावर सगळे ठीक होते. पण घरची गाडी वापरणारा सामान्य माणूस दरवेळी आठवणीने ती टाकी भरील काय? अनेकांनी भरली नाही. तक्रारी वाढल्या, 1963 नंतर ती गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीला टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय करावी लागली.

दुसरा धडा स्वीडनचा आहे. साब कंपनीने 1977 मध्ये आपली 99 टर्बो ही गाडी लोकांपुढे आणली. दोन लिटरच्या इंजिनातून 145 अश्वशक्ती मिळत होती. पेअर गिलब्रांड या अभियंत्याने येथे मोठ्या टर्बोचा मोह टाळला. त्याने लहान टर्बो घेतला आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की जादा वायू परभारे सोडून देणारी झडप ठेवली. त्यामुळे कमी फेऱ्यांतही गाडीला ओढ मिळू लागली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी साबने नॉकिंग "ऐकणारा" संवेदक बसवला. नॉकिंगची चाहूल लागताच दाब आपोआप कमी होई. आज आपल्या रस्त्यांवर एक लिटरच्या टर्बो इंजिनातून शंभर ते एकशेवीस अश्वशक्ती देणाऱ्या कौटुंबिक गाड्या धावत आहेत. त्यांच्यामागे हेच शहाणपण आहे. त्या इंजिनांचे दट्टे, झडपा, तेलाचा पंप, इंधनाचा फवारा, संगणक हे सगळे पहिल्या दिवसापासून टर्बोसाठी आखलेले असते. साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो चिकटवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. मला तर तो जेटफायरचाच मार्ग वाटतो, आणि तोही जेटफायरच्या अभियंत्यांवाचून!

थांबवणार कोण?

आतापर्यंत आपण पळण्याचा विचार केला. आता थांबण्याचा करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या 1600 किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे 220 किलोज्यूल असते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होते. एवढ्या उष्णतेने पाऊण लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीला येईल. वेग 120 केला तर? ऊर्जा चौपट होते. आता जवळजवळ तीन लिटर पाणी उकळेल, आणि तेही ब्रेकच्या काही सेकंदांच्या एका दाबात. इंजिन नवे आले, पण ब्रेक जुनेच राहिले. त्यांनी ही उष्णता कोठे टाकायची? घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

ब्रेकच नव्हे, तर क्लच, गिअर, मागचा दांडा, टायर, स्प्रिंगा, इंजिन बसवण्याचे रबर, रेडिएटर हे सारे मूळ इंजिनाच्या मापाने बनवलेले असते. जड इंजिन पुढे बसवले की पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि वळणावर गाडी निराळी वागते. गाडी ही साखळी आहे. एक कडी जाड केली म्हणून साखळी बळकट होत नाही. उलट ताण वाढल्याने दुसरी कडी आधी तुटते. आणि या साखळीला मागच्या बाकावर बसलेले आपले आई-वडील, आजी आणि धाकटी बहीण बांधलेली असतात. घरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांत फरक आहे तो हा.

कायदा काय म्हणतो?

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, ते वेगळेच. त्याच जातीचे इंजिन बदलले तरी त्याच्या क्रमांकाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावी लागते.

पण कायदा प्रत्येक बदलाला आडवा येत नाही. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी सीएनजीवर किंवा विजेवर चालवता येते. अशा संचांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्यांपैकी कितीतरी टॅक्सी अखेरची वर्षे सीएनजीवर धावल्या. त्या बदलात शक्ती वाढली नाही, उलट थोडी घटली. कारण मिश्रणातली जवळजवळ दहा टक्के जागा वायूच व्यापतो आणि तेवढी हवा कमी पडते. तरीही तो बदल शहाणपणाचा होता. त्यात शहराच्या श्वासाचा आणि टॅक्सीवाल्याच्या खिशाचा विचार होता. माझ्या मते कोणत्याही बदलाला हीच कसोटी लावावी. त्याची गरज काय, आणि त्यातून कोणाचे भले होते?

शिक्षकांना एक विनंती

येथे कोणी म्हणेल, "मग मुलांना नुसते नाही म्हणून सांगा, एवढा पसारा कशाला?" मला हे पटत नाही. नुसत्या "नाही"ने कुतूहल मरते, किंवा ते लपूनछपून एखाद्या गॅरेजात जाते आणि तेथे हिशेबावाचून प्रयोग होतो. त्यापेक्षा शाळेने भंगारातले एखादे जुने इंजिन आणावे. त्याचे तेल आणि इंधन काढून टाकावे आणि ते प्रयोगशाळेत उघडावे. जवळच्या मेकॅनिकला सन्मानाने वर्गात बोलवावे. पुस्तकातल्या आकृतीत न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी तो हाताने दाखवील. विद्यार्थ्यांनी सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याचा पल्ला मोजून घनफळ काढावे. तो एक तास दहा पानांच्या धड्याइतका मोलाचा ठरेल.

पुढे ज्यांना खरोखरच गाड्या बनवायच्या आहेत, त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या देशात 'बाहा' ही स्पर्धा भरते. तिच्यात विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात. अनेक वर्षे त्या स्पर्धेत सगळ्या संघांना एकसारखेच दहा अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागे आणि त्यात फेरफार करायला मनाई असे. तरी कोणी पहिले येई, कोणी मध्येच बंद पडे. इंजिन सारखेच, मग फरक कशाचा? वजनाचा, गिअरांचा, सांगाड्याचा आणि केलेल्या विचाराचा.

म्हणून, मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी "माझ्या गाडीत इतके अश्वशक्ती वाढवले" अशी फुशारकी मारली, तर त्याला तीन प्रश्न विचारा. जादा उष्णता कोठे जाते? जादा वेग कोण थांबवतो? आणि हे सगळे कशासाठी? या तिन्हींची उत्तरे त्याच्याजवळ आकड्यांसह असतील तर त्याचे मनापासून अभिनंदन करा. नसतील तर कागद आणि पेन्सिल त्याच्या हाती द्या.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या गाडीची पुस्तिका उघडा. इंजिनाचे घनफळ, कमाल शक्ती आणि गाडीचे वजन पाहा. वर केलेला घाटाचा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा. तुमच्या गाडीत आहे तीच शक्ती कितीतरी पुरेशी आहे, असे बहुतेकांना आढळेल.